डब्याचे यजमान

रेल्वेमंत्री कितीही आले आणि गेले, पण लांब पल्ल्याच्या गाडीची खरी काळजी वाहणारा माणूस या देशात एकच आहे, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. राहतात पडेगावात, निवृत्त झाले चिकलठाण्याच्या कारखान्यातून, रेल्वेशी संबंध फक्त तिकिटापुरता. तरी डब्यात पाऊल ठेवलं की हा गृहस्थ मुलीकडचा यजमान होतो आणि बाकीचे प्रवासी वऱ्हाडी.

लोक प्रवासाला चिवडा-लाडू घेतात; साडूभाऊंच्या पिशवीत फिनाईल, ब्रश, सुतळी आणि शिवणयंत्राच्या तेलाची कुपी. एकदा मधल्या बर्थची साखळी फार करकरत होती म्हणून त्यांनी तिला तेल पाजलं, ते खाली बसलेल्या वकिलांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर ठिबकलं. वकील खवळले. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "शर्ट धुता येतो साहेब, गेलेली झोप कुठून आणता?" चहावाल्याला ते विचारणार, "घरी आलेल्या पाहुण्याला देशील का रं हा चहा?" तक्रार मात्र कधी करत नाहीत. "तक्रार केली की माणूस मोकळा व्हतो, अन् संडास तसाच ऱ्हातो."

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, आम्ही अक्का म्हणतो. अक्काला गाडीच्या संडासाची इतकी धास्ती, की प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसे. मागच्या खेपेला परभणीला चक्कर येऊन पडली. पाण्यावाचून प्रवास करायचा नाही, असा डॉक्टरांनी दम भरला, तर हिनं प्रवासच सोडला. आणि नेमकं हैदराबादला लेकीचं बाळंतपण आलं. लेकीला हलायची बंदी.

"येते," अक्का म्हणाली, "पण पाणी नाय पिणार."

"प्यावं लागंल. डबा माझ्यावर सोड."

मीही सोबत होतो. गाडी सुटताच साडूभाऊंनी बाह्या सरसावून संडास लख्ख घासला आणि दाराशीच उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून म्हणायचे, "पाहुणे, निघताना तेवढं पाणी टाका. मागं लेकीबाळी हायेत." एक पैलवान गुरकावला, "रेल्वे के आदमी हो क्या?"

"नाय बाबा. एका बाईचा नवरा हाय."

पैलवान निमूट आत जाऊन पाणी टाकून आला.

जालना गेलं. अक्का खिडकीकडं तोंड करून, ओठ सुकलेले. परतूरच्या पुढं ती उठली, संडासाशी जाऊन आत डोकावली, परत आली आणि बाटली तोंडाला लावली. गटागटा प्यायली. ते बघून समोरच्या म्हातारीनं पिशवीतली तशीच भरलेली बाटली काढली. मग पलीकडच्या कॉलेजातल्या पोरीनं. तिघी पाणी पीत होत्या आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

साडूभाऊ तिकडं दाराशी उभे; बाटल्या निघाल्या ते त्यांना दिसलंच नाही. नंतर मी सांगितलं, तर म्हणाले, "प्याली ना? मग झालं." पण त्या तिघी त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायला हव्या होत्या, असं मला अजून वाटतं.