समुद्रात पडलेले तळ

तुमे दबासो आमच्या केनियातल्या मैकोना गावची. शेरडांमागं वाढली, चार बुकं शिकली आन् पाणीकचेरीत चिकटली. दुष्काळात उंटवाल्यांचे तळ कुठं पडलेत ते टिपून टँकरवाल्याला द्यायचं, हे तिचं काम. ज्या फाईलीत टिपायचं तिला केएमएल फाईल म्हणतात. साधा मजकूरच असतो, पण कुणीही कुठल्याही नकाशावर टाकावा, ठिपके उमटतात.

त्या सकाळी तेरा तळांची फाईल घेऊन टँकर निघायचा होता. तेरावा तळ तुमेच्या आईचा. तिथलं पाणी तीन दिवसांमागं संपल्याचा निरोप आलेला.

जिलो डायव्हरनं मोबाईलवर फाईल उघडली आन् खो खो हसला.

"तुमेबाय, तुझी आई समुद्रात जाऊन बसलीया! पाणी कुणाला वाटू, माशांस्नी?"

तुमेनं वाकून बघितलं. तेराच्या तेरा ठिपके पार उत्तरेला, निळ्याशार खाऱ्या पाण्यात.

आमच्यात वाट सांगायची रीत हाय, आधी डोंगराकडं किती, मग उगवतीकडं किती. तुमेनं आकडेही तसेच भरलेले, आधी उत्तरेचा, मग पूर्वेचा. फाईलीला आधी पूर्व लागते. हे डोक्यात शिरेपर्यंत ऊन टाकीवर चढलं.

"आटप गं. न्हाईतर दुसऱ्या गावाला जातो. तिथली माणसं तरी जमिनीवर हायेत."

"थांब की दादा, तुला उंटाची आण हाय."

ती आकड्यांची एकेक जोडी उलटवत गेली. तेरावा ठिपका काळ्या दगडांच्या माळावर येऊन बसला, तशी ती टँकरात चढली.

"आधी तिथंच चल."

"आई हाय म्हणून?"

"पाणी आधी तिथलं संपलंय म्हणून."

ठिपक्यावर पोचले तर काटेरी कुंपण रिकामं. माणूस न्हाई, उंट न्हाई. तुमेनं उडी मारली, उंटाची लेंडी उचलून फोडली.

"आत अजून ओली हाय. सकाळीच हललेत. मोबाईल खिशात घाल, मागावर चल."

"मग ठिपक्यांचा एवढा खटाटोप कशाला केलास?"

"न्हाईतर इथवर आला असतास व्हय?"

दोन टेकड्या ओलांडल्यावर चालत्या उंटांची धूळ दिसली. टँकरच्या नळाला आधी तुमेची धाकटी बहीण लागली, मग म्हातारे, सगळ्यात शेवटी आई. तोंड पुसत ती खेकसली, "एवढा उशीर? कुठनं आलात?"

तुमे नळ बंद करत होती. जिलोच म्हणाला, "समुद्रावरनं, मावशी."