नऊ कोरी पानं

ऑफिसात तिला सगळे पट्टीताई म्हणायचे. हातात कायम एक फुटी स्टीलची पट्टी, आणि कामातही पट्टीची, त्यामुळे नाव दोन्हीकडून बसलं. मुलांच्या पुस्तकांची मांडणी करायची हे तिचं काम आणि त्यातल्या चुका शोधायच्या हे माझं. एकाच खिडकीखाली आमची टेबलं समोरासमोर होती. बावीस वर्षं.

कॉम्प्युटर यायच्या आधीचे दिवस. मजकुराच्या छापील पट्ट्या कापून, मागे सोल्युशन लावून, ती एकेक ओळ पानावर चिकटवायची. त्या सोल्युशनचा वास आमच्या डब्यांनासुद्धा लागायचा. एकदा एका लेखकाने तक्रार केली की, माझं वाक्य मधेच का तोडलंत? तिने त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की सहा वर्षांच्या मुलाचा श्वास जिथे संपतो, तिथे ओळ संपायला हवी. दुसऱ्या एका पुस्तकात तिने राक्षसाचं चित्र हट्टाने पुढच्या पानावर ढकललं. म्हणे, राक्षस आधीच दिसला तर पोरं पान कशाला उलटतील? तो लेखक पुढे प्रत्येक पुस्तक घेऊन तिच्याकडेच यायचा.

ती एकटी राहायची, दोन खोल्यांत. चाळिशी उलटल्यावर तिची थोरली बहीण आजारपणात गेली आणि तेरा वर्षांची भाची तिच्याकडे राहायला आली. मावशीने आपल्या परीने तयारी केली. पलंग घेतला, खिडकीला पडदा लावला आणि स्वतः मांडलेली चाळीसेक पुस्तकं फळीवर रचून ठेवली. भाचीने चारपाच चाळली आणि नीट लावून परत ठेवली.

"छान आहेत गं मावशी," ती म्हणाली, "पण मी आता एवढी लहान नाही."

दुसऱ्या दिवशी पट्टीताई दुकानं पालथी घालून आली. एका कपाटात सशांची पुस्तकं, शेजारच्या कपाटात थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधे काहीच नाही. ते तिच्या मनाला फार लागलं.

त्यानंतर ती पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला लागली. सहा महिने मला पत्ता नव्हता. मग एके दुपारी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "चुका काढ. पण फक्त शुद्धलेखनाच्या. बाकीच्या मला माहीत आहेत." आई गेल्यावर मावशीकडे राहायला आलेल्या मुलीची गोष्ट होती, चित्रंही तिनेच काढलेली. मी एका बैठकीत वाचली आणि चुका काढायच्या राहूनच गेल्या.

प्रकाशनाचे मालक आधी तयार नव्हते. त्यांच्या मते मोठ्या मुलांना चित्रं नको असतात आणि मोठ्या माणसांना मुलं. पण एकाच पगारात लेखक, चित्रकार आणि मांडणीकार मिळतोय म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला.

पुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे. शाळा सुटली की भाची आमच्याकडे यायची आणि माझ्या टेबलाच्या कडेला अभ्यास करायची. एक दिवस तिने विचारलं, मावशीचं पुस्तक वाचू का? मावशी छापखान्यात गेली होती. मी कौतुकाने प्रुफं तिच्या हातात दिली. मला वाटलं, हिच्यासाठीच तर लिहिलंय.

सातव्या प्रकरणात ती मुलगी खोलीचं दार लोटून आईचा चष्मा घालते, आरशासमोर उभी राहते आणि आईच्या आवाजात स्वतःलाच रागावते. डबा विसरलीस ना परत? केस कोण विंचरणार? मला ते प्रकरण सगळ्यात आवडलं होतं. ते घडलेलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पट्टीताई परत आली तेव्हा भाची उभीच होती.

"तू दारातून बघत होतीस?" तिने विचारलं.

पट्टीताईला खोटं बोलता येत नव्हतं. ती नुसतीच हो म्हणाली. भाचीने दप्तर उचललं आणि ती घरी गेली. पुढचे आठ दिवस त्या दोन खोल्यांत जेवायला ये आणि दिवा घालव एवढंच बोलणं झालं. मी माफी मागायला गेले तर पट्टीताई म्हणाली, "तू वाचायला दिलंस. मी तर न विचारता लिहिलं."

नवव्या दिवशी तिने प्रकरण काढून टाकलं. आता छापखान्यात पानं सोळाच्या हिशेबात छापतात. त्या प्रकरणाची मधली नऊ गेली की तेवढी कोरी उरणार. शेवटच्या घडीला बदल केला म्हणून जन्मभर लोकांना फैलावर घेणारी ही बाई स्वतःच बदल घेऊन उभी राहिली. मालक म्हणाले, मागे जाहिराती टाका. ती म्हणाली, मी भरते.

त्या रात्री घरी ती त्या पानांवर चित्रं काढायला बसली, शब्दांशिवाय. बहिणीच्या जुन्या घराचा जिना, रिकामी खुर्ची, खिडकीतली कुंडी. भाची पाणी प्यायला उठली आणि मागे थांबली. मग म्हणाली, "तिसरी पायरी तुटकी होती. आई रोज म्हणायची, जपून."

पट्टीताईने पायरी खोडून तुटकी काढली. मग भाची शेजारी बसली आणि एकेक सांगत गेली. खुर्चीवर स्वेटर असायचा. कुंडीत नुसती माती होती, रोप कधी जगलंच नाही. नऊ पानांत काय काढायचं ते तिने ठरवलं. चष्मा तिने घेतला नाही.

पुस्तक हळूहळू खपलं. दोनेक वर्षांनी एका शाळेच्या ग्रंथपाल बाई फणफणत ऑफिसात आल्या. त्यांच्या प्रतीत मुलांनी त्या नऊ पानांवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. चित्रांखाली जागा सोडली की मुलं लिहिणारच, असं त्यांचं म्हणणं. पट्टीताईने दोन नव्या प्रती देऊन ती लिहिलेली प्रत ठेवून घेतली. जिन्याच्या चित्राखाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, इथे बसून मी पण वाट बघितली. संध्याकाळी भाचीने ती सगळी पानं वाचली आणि मला म्हणाली की यात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत, पण तुम्ही हात लावू नका.

त्यानंतर पट्टीताईने आणखी चार पुस्तकं लिहिली, काढली आणि मांडली. प्रत्येक वेळी ज्याची गोष्ट होती त्याला आधी विचारून. एकदा नकार आला तर वर्षाचं काम तिने बासनात बांधून ठेवलं.

आता ते ऑफिस नाही. खिडकी आहे, तिच्याखाली कुणीतरी औषधं विकतं. भाची दुसऱ्या गावी गणित शिकवते आणि रविवारी फोन करते. पट्टीताईचा हात थोडा थरथरतो, म्हणून ती हल्ली जाड पेन्सिल वापरते. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा म्हणाली की नव्या गोष्टीतली मुलगी अजून तिच्याशी नीट बोलत नाही.

"बोलेल," मी म्हटलं.

"घाई नाही," ती म्हणाली. चहा झाल्यावर ती परत टेबलाशी जाऊन बसली. मी कप विसळले, दार हळूच ओढून घेतलं आणि निघाले.