टाके कशानं सुटले

निवृत्त होऊन बसलो, तरी ती बाई आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगर भागात पोलीस निरीक्षक होतो. वैजापूरचा एक कांदा व्यापारी ठाण्यात आला. जवळच्या खासगी दवाखान्यात आतड्याच्या ऑपरेशननंतर त्याचा थोरला भाऊ वारला होता. आता डॉक्टरच्या नावानं ओरडणार, असं मी धरून चाललो होतो.

"साहेब, भावजयीनं मारलं त्याला. पाण्याचा थेंब देऊ नका म्हणलं व्हतं, हिनं पाजलं. त्यानंच टाके सुटले, डॉक्टरच म्हणले."

अशा तावातावानं आलेल्या माणसाला मी आधी चहा पाजायचो. चहा संपेपर्यंत अर्धा राग उतरतो. याचा उतरला नाही. आकस्मिक मृत्यूची नोंद केली, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं आणि महिला हवालदारासमोर त्या भावजयीचा जबाब घेतला.

तिनं काहीच लपवलं नाही. "व्हय साहेब, म्या दिलं. लई तहान तहान करत व्हते. पदराचं टोक भिजवून व्हटावर पिळलं. डॉक्टर रागावले, मंग पुन्हा मागितलं तर नाय दिलं."

बाहेरच्या बाकावरून सासू ओरडली, "मरत्या माणसाला पाजत्यात तसं पाजलं! जित्याला कुणी पदरानं पाणी पाजतं व्हय?"

सुनेनं दोन्ही हात पुढं केले. "मला आत टाका, साहेब," एवढंच म्हणाली. इतक्या सहज मिळालेल्या कबुलीवर मी कधी विसंबत नसे.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. जखम जठराच्या लगेच पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला होती. टाके ताणानं तुटले नव्हते, विरले होते.

"हा धागा जनावराच्या आतड्यापासून बनतो," ते म्हणाले. "एरवी बरा टिकतो. इथं मात्र स्वादुपिंडाचा रस येऊन पडतो. तो मटण पचवतो, तसा हा धागाही पचवतो. जखम भरायच्या आतच टाक्यांचा जोर गेला."

"आणि पाणी?"

"ओठ ओले झाले असतील, बस्स."

सर्जन आधी पाण्यावरच अडून बसले. वापरलेल्या धाग्याचं पाकीट मागितलं, तेव्हा मान खाली गेली. "तिथं लागणारा धागा संपला होता. पेशंट हातचा जाईल म्हणून होता तो वापरला." घाईतली चूक मी एकवेळ समजू शकतो. ती त्या बाईच्या माथी मारली, याचा संताप मात्र आजही येतो. तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीचा अहवालही तसाच आला आणि सर्जनवर गुन्हा दाखल झाला.

वैजापूरला जाऊन मी सगळ्यांदेखत तिला सांगितलं, "बाई, तुमच्या पाण्यानं काही झालं नाही." दिराला वर बघवेना. सासूनं तिचा हात धरला.

ती माझ्याकडं बघत राहिली. "काईच झालं नाय त्यानं?"

"नाही."

"मंग दुसऱ्यांदा का नाय दिलं म्या, साहेब? हात जोडत व्हते. तहानलेलेच गेले."

तपास नीट झाला की निर्दोष माणूस सुटतो, असं मी नव्या शिपायांना सांगायचो. त्या दिवसानंतर ते कधी सांगितलं नाही.