चिंधी बांधलेली कणसं

"निवळीला घाई न्हाई, आगीला ढिलाई न्हाई."

चतुराबाईच्या तोंडी हे वाक्य सदा असायचं. कुणाचं लग्न ठरत नसलं तरी हेच, आणि ताडकळसची एसटी उशिरा आली तरी हेच. पण ते मूळचं होतं मक्याच्या घुगऱ्यांचं.

आमच्या गावात बारशाला घुगऱ्या वाटतात. कुणाच्या घरी हरभऱ्याच्या, कुणाच्या घरी हुलग्याच्या. चतुराबाईच्या मात्र पांढऱ्या मक्याच्या. पऱ्हाटी आणि तुराटी जाळून राहिलेली राख ती चाळून मडक्यात भिजवायची आणि मडक्याला कुणाचा धक्का लागू द्यायची नाही. गाळ खाली बसला, वर नितळ पाणी आलं, की ती निवळी. तिचा एक थेंब ती चिमूटभर हळदीवर टाकायची. हळद कुंकवासारखी लाल झाली तर निवळी साधली. नाही झाली तर पुन्हा राख. मग त्या निवळीत मका शिजायचा. साल सुटली की दुरडीत घालून, चार पाण्यांनी चोळून चोळून धुवायचा. दाण्याच्या बुडाचं काळं टोकसुद्धा निघून जायचं. साध्या पाण्यात दुसऱ्यांदा शिजला की एकेक दाणा जाईच्या कळीसारखा फुगायचा. वर लसूण, मीठ, लाल मिरची. गावातली निम्मी पोरं या घुगऱ्यांवर नाव घेऊन मोठी झाली. मीही त्यातलाच.

पिवळ्या मक्याची साल अशी सुटत नाही, असं चतुराबाई म्हणायची. खरंखोटं मी पाहिलेलं नाही. पांढऱ्याचं बी तिनं माहेराहून आणलं होतं आणि चाळीस वर्षं चुलीवरच्या धुरात टांगून जपलं होतं. ऊसतोडीला गंगाखेडच्या बाजूला जायची, तेव्हाही कणसांची जुडी गाडीत सोबत असायची. तिथं कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, आड्याला बांधलेली.

गेल्या वर्षी ओढा शेतात शिरला आणि उभं पीक झोपलं. हाती आली अकरा कणसं. बाजारात ते बी मिळत नाही. यंदा तिनं ती सगळी पेरली, चुलीवर एकही ठेवलं नाही. तिची सून, दैवशाला, म्हणाली होती, "आत्याबाई, दोन तरी राहू द्या." ती म्हणाली, "जुनं बी रुसतं गं. एक साल ठेवलं की निम्मं उगवत न्हाई."

ओढ्याकाठच्या तुकड्यात दहा ओळी उगवल्या. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या व्यंकटरावानं सोयाबीन मोडून, बांधाला लागून दीड एकर पिवळा मका टाकला. त्याच्या दारात बारा गायी. मका हिरवाच कापून, खड्ड्यात दाबून मुरघास करायचा होता.

ज्यानं मका पेरलाय त्याला पुढचं सांगायला नको. मक्याचं लग्न वारा लावतो. तुऱ्यातून पिठासारखी भुकटी उडते, कणसाच्या केसावर बसते, तेव्हा दाणा धरतो. पिवळ्याची भुकटी पांढऱ्यावर बसली की त्याच कणसात पिवळे दाणे. व्यंकटरावाचं रान पश्चिमेला. आमच्याकडं पावसाळ्यात वारं पश्चिमेचंच.

चतुराबाई त्याच्या गोठ्यावर गेली. मी तिथंच दूध घ्यायला आलो होतो.

"व्यंकटराव, माझ्या बांधाकडच्या तुमच्या दहा ओळीचे तुरे काढता का? तुरे गायींना घाला. कणसाला धक्का न्हाई."

व्यंकटराव हसला. "काकू, वाऱ्याला नोटीस पाठवा की."

"वाऱ्याला काय पाठवू? त्याला घरदार हाय का? तुमाला हाय, म्हणून आले."

"दहा ओळीला चार माणसं लागतील. सणासुदीचं कोण येतंय? आन मका तो मका. पिवळा खाल्ला म्हणून कुणी मेलंय का?"

"मेलं न्हाई. पण माझं मरंल," ती म्हणाली आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी तिनं जुनं पातळ फाडलं. केस बाहेर पडायच्या आत कणसाकणसाला पिशवी चढवून सुतळीनं बांधली. गावाला करमणूक झाली. पारावरून कुणी विचारायचं, "काकू, लेकरांना टोपडी शिवली, आंगडी कधी?" ती म्हणायची, "तुझं माप दे, उरलेल्यात तुलाबी शिवते."

तिचं गणित सरळ होतं. आपला तुरा फुलला, की त्याची भुकटी वाटीत झाडायची, वाऱ्याला पाठ करून एकेक पिशवी उघडायची, भुकटी टाकायची, पुन्हा बांधायची. बरोबर महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत तुरे फुलायला लागले. पहिल्या सकाळी जाऊन तिनं पाहिलं. केस अजून बोटभरही नव्हते. म्हणाली, परवा.

जेवणाच्या दिवशी घरातली बाई उंबरा ओलांडत नाही. सोळा भाज्या, पुरण, आंबील. मी जेवायला होतो. ओसरीवर पहिली पंगत बसलेली. आणि दारावरून व्यंकटरावाचा सालगडी मुंजाजी डोक्यावर भारा घेऊन निघाला. बोलका, भाबडा माणूस. त्यानंच हाक दिली, "काकू, झालं बरं का तुमचं काम! मालकीणबाई मालकाला लय बोलल्या. सणाचं म्हातारीचं मन मोडू नका म्हणल्या. दहाच्या दहा ओळी छाटल्या."

चतुराबाई पुरणाचं ताट घेऊन उभी होती. तिनं भाऱ्याकडं पाहिलं. व्यंकटरावाचे तुरे फिके, हिरवट. हे तांबूस होते.

ताट तिनं खाली ठेवलं. हळूच ठेवलं, आवाज आला नाही.

"मुंजाजी, कुठल्या ओळी?"

"चिंध्या बांधल्यात तिथल्या. मालकानंच सांगितलं की, म्हातारीनं चिंध्या बांधल्यात तिथून दहा ओळी धर."

बांधाच्या अलीकडच्या, मालकाच्या, धरायच्या त्या त्यानं पलीकडच्या, चतुराबाईच्या, धरल्या. कुणालाही वाटावं, खूण आहे तिथंच काम असणार. शेतातल्या माणसाला चिंधी म्हणजे खूणच.

मुंजाजीच्या तोंडावरचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. भारा डोक्यावर तसाच. "काकू..." म्हणाला.

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती उंबरा ओलांडून गेली, सणाच्या दिवशी, पुरणाच्या हातांनी. भारा उतरवला, तुरे चाळले. "कवा छाटले?"

"सकाळधरनं."

"उमलले ते मेले," ती स्वतःशी म्हणाली. "मिटलेले असतील. दैवशाला, घागरी आण. सगळ्या आण."

ज्यांच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या ते तुरे तिनं वेगळे काढले. पाणी भरलेल्या घागरीत, फुलं ठेवावीत तसे उभे केले. आणि घागरी नेल्या कुठं, तर महालक्ष्म्यांच्या खोलीत. घरात वारा नसलेली तेवढीच जागा.

दैवशाला घाबरली. "आत्याबाई, देवीपुढं गुरांचा चारा?"

"चारा न्हाई गं. बी हाय."

खाली तिनं पांढरं धोतर अंथरलं, दार ओढून घेतलं. मग हात धुतले आणि पंगतीला म्हणाली, "जेवा. आंबील गार व्हायलीय." आम्ही जेवलो. कशाला काय चव होती, मला आठवत नाही.

सकाळी ऊन चढलं तशी तिनं दार उघडलं. मी गेलो होतो. धोतरावर भुकटी पडली होती, पण इतकी थोडी, की दोन्ही देवींच्या मळवटात जास्त हळद असेल. तिनं उरलेले तुरे वाटीवर झटकले. वाटीचा तळ जेमतेम झाकला.

"एवढ्यात कसं व्हईल?" दैवशालानं विचारलं.

"हुईल तेवढं हुईल. चल."

शेतात वारा सुटला होता. शेजारी व्यंकटरावाचा मका नुसता धुरळत होता, उन्हात भुकटीचे ढग दिसत होते. दैवशालानं आणि मी चादर धरली. चादरीच्या आडोशाला चतुराबाई वाकायची, पिशवी सोडायची, श्वास रोखून चिमूट टाकायची, बांधायची. तिच्या श्वासाबरोबर आम्हीही श्वास धरत होतो. एकदा चादर माझ्या हातून सुटली. ती उघड्या कणसावर छातीनं पडली, तशीच राहिली, वारा जाईपर्यंत. मुंजाजी बांधावर उभा होता. जवळ यायची हिंमत नाही, जायची इच्छा नाही.

एकतिसाव्या कणसाला वाटी संपली. तिनं वाटीत बोट फिरवलं, बोट केसांना पुसलं. बाकीच्या कणसांच्या पिशव्या तिनं सोडल्याच नाहीत.

नंतर दोन महिने कुणी त्या पिशव्यांना हात लावला नाही. व्यंकटरावाचा मका कापून, कुट्टी होऊन खड्ड्यात गेला. परतीचा पाऊस येऊन गेला. पांढऱ्या मक्याची ताटं वाळली. मुंजाजी वाटेत दिसला की चतुराबाई मान वळवत नव्हती आणि बोलतही नव्हती. तो वाळत चालला होता.

दिवाळीनंतर तिनं एकतीस कणसं अंगणात आणली. व्यंकटराव आला, टोपी हातात घेऊन. मुंजाजी कवाडाबाहेर.

पहिलं सोललं. पडक्या दातांसारखं, मध्येमध्ये दाणाच नाही. पण जेवढे होते तेवढे पांढरे. दुसरं, पांढरं. तिसऱ्यात दोन पिवळे दाणे. ते तिनं बाजूला ठेवलं. चौथं, पाचवं. सगळी सोलून झाली तेव्हा निखळ पांढरी एकोणीस होती. बारा मिसळलेली.

"अकराची एकोणीस झाली की काकू," व्यंकटराव म्हणाला.

"अकरा भरलेली होती, व्यंकटराव. ही बोळकी हायत."

त्यानं मान खाली घातली. "पुढच्या साली बांधाला मका लावत न्हाई. शब्द देतो."

"तुमचा शब्द खरा. पण गायींनी शब्द दिलाय का?"

मिसळलेल्या बारा कणसांचे दाणे तिनं काढले. मडक्यात राख आदल्या दिवशीच भिजवलेली होती. हळदीवर थेंब टाकला, लाल झाली. दुपारपर्यंत घुगऱ्या शिजल्या. पांढऱ्यात एखादा पिवळा दाणा डोळ्यावर यायचा, त्याची साल तिनं नखानं काढली होती. पहिली वाटी घेऊन ती कवाडापाशी गेली.

"खा."

मुंजाजीनं वाटी घेतली. "काकू, मी..."

"निवळीला घाई न्हाई, मुंजाजी. मला दोन महिने लागले. खा आता."

तो उभ्याउभ्या खात होता आणि त्याचं नाक गळत होतं. मिरची लय झाली, म्हणाला.

नऊ कणसं तिनं दैवशालाच्या हातात दिली, चुलीवर टांगायला. दहा फडक्यात बांधली. येलदरीच्या बाजूला तिची धाकटी बहीण राहते. तिचं रान टेकडीच्या कुशीत, तिन्ही अंगाला धरणाचं पाणी, आसपास कुणी मका लावत नाही. "एका चुलीवर एवढा भरवसा ठेवला, ती माझी चूक," ती दैवशालाला म्हणाली. "बांधाच्या बाजूला तूर घाल. मी आठ दिवसांत येते."

फडकं डोक्यावर घेऊन ती फाट्याकडं निघाली. सोबत नको म्हणाली. व्यंकटराव गोठ्याकडं वळला, दैवशाला चुलीकडं. ओढा उतरताना चतुराबाईनं एक हात वर नेऊन गाठोडं चाचपलं, मग पलीकडच्या चढावर दिसली, मग बाभळींच्या आड गेली. मी निघालो तेव्हा मुंजाजी रिकामी वाटी घेऊन कवाडापाशी उभाच होता, तिकडंच बघत.