बाहुलीच्या गालावरची हळद

जुन्या बाहुल्या जमवणाऱ्या मेधाताईंनी माझी लहानपणची परदेशी बाहुली पालथी केली, पाठीवरचा ठसा वाचला, गुडघा वाकवून पाहिला, पापण्यांचा रंग भिंगातून तपासला. "अस्सल आहे," त्या म्हणाल्या, "पण गालावर हे पिवळं काय?"

"हळद. आम्ही हिचं लग्न लावलं होतं. नवरीला हळद नको का, म्हणून आईनंच बोटानं लावली."

"मग किंमत निम्मी झाली. उन्हात ठेवा, हळद उडून जाते."

आज सकाळपासून बाहुली गॅलरीत आहे आणि मी आत-बाहेर करते आहे. जिच्याशी कुणी कधी खेळलंच नाही ती बाहुली जास्त मोलाची, हे मला समजतं आणि समजतही नाही. मला ती विकायची तरी आहे का? नसेल, तर भाव विचारायला गेले कशाला? आई असती तर तिलाच विचारलं असतं.

दुपारी पाहिलं तर डाग बराच फिका झाला होता. मी बाहुली चटकन सावलीत ओढली. मग वाटलं, आता अर्धवट तरी कशाला ठेवायचा? तिला पुन्हा उन्हात सरकवलं, आणि तिच्या गालावर हाताची सावली धरून तिथेच बसून राहिले.