परवा नावाची फाईल

आमच्या लातूरच्या कॉलेजात लॅबचा कारभार दोघांवर. मी, आणि माझ्या हाताखालच्या एक मॅडम. त्या कॉन्ट्रॅक्टवर, कामाला एकदम चोख. मी तोंडाचा फटकळ, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक.

त्या शनिवारी नऊला आमच्या लॅबमध्ये प्रवेशपरीक्षा होती, कॉम्प्युटरवरची. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी स्विच नावाच्या एका पेटीत येतात, आणि कोणत्या वायरीनं कुठं पोचायचं ते त्यातली फाईल ठरवते. रोजच्या वर्गांची फाईल वेगळी, परीक्षेची वेगळी. परीक्षेची फाईल मॅडमनी गुरुवारीच तयार करून स्विचमध्ये ठेवली अन् त्या किनवटला माहेरी गेल्या. शनिवारी सकाळी मी ती फक्त लावायची होती.

साडेसातला यादी उघडली. रोजची फाईल होती, परीक्षेची नव्हतीच!

"ठेवते म्हणाल्या अन् ठेवलीच न्हाई!" मी रिकाम्या लॅबला ऐकवत सुटलो. फोन लावला तर किनवटला रेंज नाही. आठला पोरं गेटवर आली. निलंग्याहून पहिली एसटी धरून आलेल्या पोरी पायरीवर बसून हॉलतिकीट पुन्हा पुन्हा बघत होत्या. नऊला पेपर सुरू झाला नाही तर त्यांचं वर्ष जाणार. तेवढ्यात प्राचार्य दारात आले. "काय करून राहिलात हो? त्या बाईचं कॉन्ट्रॅक्ट सोमवारी बघतोच मी."

"बघाच सर," मी म्हणालो. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

सव्वाआठला एकदाचा फोन लागला. आवाज तुटत होता.

"सर, 'परवा' नावाची फाईल लावा ना."

शुक्रवारी दुपारी स्विचची मेमरी भरली म्हणून मी जुन्या फाईली उडवल्या होत्या. त्यात 'परवा' दिसली. परवाची म्हणजे बुधवारची, आता काय कामाची, असं म्हणून मीच ती काढून टाकली होती. मॅडमनी तर गुरुवारी नाव ठेवलं होतं, ते येणाऱ्या परवासाठी.

"मॅडम, ती मी काढली हो."

मग त्या म्हणाल्या, "माझ्या टेबलाच्या काचेखाली छापून ठेवलीय. बघून टाईप करा, सर."

पळतच गेलो. कागद होता! एकेक ओळ टाईप केली. दोनदा चुकलो, स्वतःलाच शिव्या घातल्या. नऊला पाच कमी असताना शेवटचा कॉम्प्युटर जोडला गेला. पोरं आत येऊन बसली, पेपर सुरू झाला.

मग कागदाच्या वरच्या कोपऱ्याकडं लक्ष गेलं. तिथं पेनानं लिहिलं होतं, 'परवा म्हणजे शनिवार. सरांना सांगितलं.' पुढं बरोबरची खूण. गुरुवारी मोबाईलमध्ये डोकं घालून मी नुसतं "हाव, हाव" म्हणालो होतो.

तो कागद घेऊन मी प्राचार्यांच्या केबिनचं दार वाजवलं.