भिंगरीच्या पायाचे साचे

भिंगरीचा बाप बूट शिवायचा. ती सतराव्या वर्षी नाटकघरात नाचायला लागली, तेव्हा त्याने तिच्या पायांचे लाकडी साचे कोरले आणि दुकानाच्या फळीवर मांडले. पुढे एकवीस वर्षं तिचे नाचाचे बूट त्याच साच्यांवर बेतले. आता लाकडाचं काय, ते सतरा वर्षांचंच राहिलं. पाय मात्र तिच्या वयाबरोबर बदलला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी हाड लिंबाएवढं बाहेर आलं.

पहाटे तिला एकच स्वप्न पडायचं. पायाखाली संथ पाणी, ती चवड्यांवर उभी, आणि बूट लांब काठावर. जाग यायची ती ठणक्याने.

डॉक्टरीणबाईंनी तिचा पाय मांडीवरच घेतला. "हाड कापून सरळ करता येईल. पण अंगठा पूर्वीसारखा वाकेलच, असं नाही सांगत. नाचायचंय तोवर थांबता आलं तर थांबा. बूट कोण शिवतं?"

"बाबा."

"मग त्यांना आधी पाय दाखवा."

इथेच तर घोडं अडलेलं. बाप रोज त्या साच्यांवरून फडकं फिरवायचा, गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचा, "माझ्या लेकीचे पाय." ते आता माझे नाहीत, हे म्हाताऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा डॉक्टरीणबाईंची सुरी बरी, म्हणून ती तारीख घेऊनच दुकानात आली.

"बाबा, नवे बूट नका शिवू. आठ दिवसांनी ऑपरेशन आहे."

"कसलं गं?" बापाने तोंडात धरलेले खिळे काढून विचारलं.

तिने चप्पल काढून पाय साच्याशेजारी ठेवला. म्हाताऱ्याने एकदा लाकडाकडे, एकदा लेकीच्या पायाकडे बघितलं.

"कधीपासून?"

"सहा-सात वर्षं."

"आणि गप्प बसलीस? तोंडात खिळे धरले होतेस?"

"तुमचीच लेक."

"येईल त्या परक्याचा पाय दर खेपेला मोजतो," तो पुटपुटला, "आणि घरचा म्हणे पाठ आहे."

त्याने कागद अंथरला, तिला वर उभं केलं. पेन्सिल पायाभोवती फिरत त्या हाडापाशी आली आणि हळू झाली, झोपलेल्या मुलाजवळून जावं तशी. मग साच्यावर तिथेच चामड्याचे तीन तुकडे एकावर एक चिकटवून तो घासत बसला.

आठव्या दिवशी रिकाम्या नाटकघरात ती नव्या बुटांत चवड्यांवर उभी राहिली. दुखलं, पण सोसवेल इतकंच. तिने दवाखान्यात कळवलं, नाच सुटेल तेव्हा येईन.

फळीवरच्या साच्याला आता टेंगूळ आहे. बापाचं फडकं तिथे जरा रेंगाळतं. आणि पहाटेच्या पाण्यावर ती उभी राहते, तेव्हा बूट पायात असतात.